टनापलीकडचा हिशेब : प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याची पंचाहत्तर वर्षे

साखर कारखान्याचा इतिहास लिहायला घेतला की आकडे आपोआप पुढे येतात. गाळप किती झाले, उतारा किती पडला, पोती किती भरली, भाव किती निघाला. हे आकडे महत्त्वाचे आहेत, कारण त्यांच्यावरच सभासदाच्या घरची चूल चालते. पण ३१ डिसेंबर १९५० रोजी प्रवराकाठी पहिला गळीत हंगाम सुरू झाला तेव्हा गव्हाणीत फक्त ऊस पडला नव्हता. आपल्या मालाचा मालक आपणच राहायचे, हा एका टापूचा निश्चयही त्या मोळ्यांबरोबर पडला होता. त्या निश्चयातून गेल्या पंचाहत्तर वर्षांत काय उभे राहिले ते वजनकाट्यावर दिसत नाही. त्याचे माप वेगळे आहे, आणि ते घेण्याची दृष्टी आपल्याला संस्थापकांनीच दिलेली आहे.

कारखान्याचे पहिले अध्यक्ष प्राचार्य धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने त्यांच्या नेतृत्वाखाली गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये, म्हणजे आपल्या पहिल्या हंगामाच्या दोन वर्षे आधी, प्रसिद्ध झाला. कालव्याने सरकारला पाणीपट्टी किती मिळाली, एवढ्यावर ती पाहणी थांबली नाही. पिके बदलली, मजुरी वाढली, बाजारपेठा उभ्या राहिल्या, अशा प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष दोन्ही लाभांचा तिने शोध घेतला. आज जगभर संस्थांचे सामाजिक योगदान मोजण्याची भाषा बोलली जाते. आपल्या पाटाच्या कडेला हे काम कारखान्याची चिमणी उभी राहण्याआधीच सुरू झाले होते. तोच धागा धरून हा इतिहास मांडत आहे.

१९२० ते १९४५ : पाटाचे पाणी, गुळाचा भाव

भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी, बाजरी-ज्वारीवर आणि पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या गावांत बारमाही पाणी आणले. पाण्याबरोबर ऊस आला आणि उसाबरोबर भांडवलाची गरज आली. आडसाली ऊस अठरा महिने शेतात उभा असतो. तेवढा काळ बेणे, खत, पेंड, मजुरी आणि पाणीपट्टी यांचा खर्च आधी करावा लागतो. सावकार आणि आडत्या यांच्याखेरीज तो पैसा देणारे कोणी नव्हते. जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले आणि पाणी उशाला असूनही शेतकरी कर्जात बुडाला.

१९३२ मध्ये देशी साखर धंद्याला सरकारी संरक्षण मिळाले आणि कालव्यांच्या लाभक्षेत्रात खासगी कारखाने वाढले. त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन मोठमोठे मळे उभारले. त्यामुळे रोजगार आला, यंत्रे आली, ऊसशेतीचे नवे तंत्र आले. पण जमीन ज्याची, तोच तिच्यावरचा निर्णय घेण्यात कुठे उरला नाही.

लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव विखे पाटील हे सारे डोळ्यांसमोर पाहत होते. त्यांचे शालेय शिक्षण थोडे, पण गावच्या व्यवहाराची जाण मोठी. लोणीत १९२३ मध्ये सहकारी पतपेढी सुरू झाली, तिच्या उभारणीत ते पुढे होते. चार घरांचा पैसा एकत्र आला की पाचव्या घराची जमीन वाचते, हा अनुभव या पतपेढीने दिला. कारखान्याचे बीज तिथलेच आहे.

१९४५ ते १९५० : भाग गोळा करण्याचे दिवस

डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्यांवरच्या बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी गाडगीळ होते. उसाच्या प्रश्नाला उत्पादकांच्या मालकीचा सहकारी कारखाना हेच उत्तर आहे, हा विचार तिथे जोराने पुढे आला. परिषदा पुष्कळ होतात, पण या परिषदेनंतर माणसे घरी जाऊन बसली नाहीत.

पुढची चार-पाच वर्षे कसोटीची होती. शेतकऱ्यांना कारखाना चालवता येईल, यावर शहरी भांडवलदारांचा विश्वास नव्हता आणि खुद्द शेतकऱ्यांचाही फारसा नव्हता. विठ्ठलराव आणि त्यांचे सहकारी गावोगाव, वस्तीवस्तीवर हिंडले. पारावर, देवळात, खळ्यावर बसून भाग म्हणजे काय, तो घेतल्याने काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. कोणी शिलकीतले पैसे दिले, कोणी पीक हाती आल्यावर द्यायचे कबूल केले, कोणी घरातला दागिना मोडला. ज्या बायकांनी अंगावरचे सोने काढून दिले त्यांची नावे भागधारकांच्या नोंदवहीत बहुधा सापडणार नाहीत, कारण भाग घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर असे. या स्मरणिकेत त्यांचे ऋण आधी मान्य केले पाहिजे.

मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता यांनी या प्रयत्नाला मनापासून पाठबळ दिले. सरकारने भागभांडवलात सहभाग घेतला आणि नव्याने स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज मिळाले. एका बाजूला पुण्याचा अर्थपंडित, दुसऱ्या बाजूला लोणीचा शेतकरी आणि त्यांच्यामध्ये शेकडो अनाम भागधारक, अशा मेळातून ऊस उत्पादकांच्या मालकीचा देशातला हा पहिला यशस्वी साखर कारखाना उभा राहिला. गाडगीळ अध्यक्ष झाले आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष.

पन्नाशीचे दशक : विश्वासाची साखर

पहिल्या हंगामांत सगळेच नवे होते. ऊसतोडीचा कार्यक्रम लागणीच्या तारखांप्रमाणे लावायचा, गाडीतळावर बैलगाड्यांची रांग नीट चालवायची, वजनकाट्यावर कोणाच्याही उसाला दुजाभाव होऊ द्यायचा नाही, या गोष्टींवरच संस्थेची पत ठरणार होती. शेतकी खात्याचे स्लिपबॉय, काट्यावरचे कारकून, बॉयलरवरचे फायरमन, पॅनवर उभे राहून पाकाचा दाणा ओळखणारे पॅनमन आणि पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधणारे तोडणी कामगार या सर्वांनी ती पत कमावली.

या दशकात गाडगीळ आणखी एका मोठ्या मोजणीत सहभागी होते. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीचे ते सदस्य होते. १९५४ च्या तिच्या अहवालाने एक कटू सत्य समोर ठेवले. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता. त्या एका आकड्याने देशाचे सहकार धोरण बदलले. सरकारने सहकारात भागीदार व्हावे, कर्ज आणि विक्री यांची सांगड घालावी, ही दिशा तिथून पक्की झाली. उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज वळते करून घेण्याची पद्धत हे या सांगडीचे आपल्याकडचे सर्वात परिचित रूप. खरे मोजमाप कौतुकासाठी केलेले नसते, उणीव दाखवून पुढचे काम नेमून देण्यासाठी केलेले असते, हे या अहवालातून शिकण्यासारखे आहे.

साठीचे दशक : कुंपणाबाहेर

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षीच्या सहकारी संस्था अधिनियमाने राज्यातल्या सहकाराला नवी चौकट दिली. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकणे, हिशेबांची वैधानिक तपासणी, सभासदांचे अधिकार हे सारे कायद्याने बांधले गेले. १५ मे १९६१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू प्रवरानगरला आले. विठ्ठलरावांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. तो मान त्यांचा होता, तसाच टोपी-धोतरातल्या प्रत्येक भागधारकाचाही होता.

आता कारखान्याच्या कुंपणाबाहेरचे काम सुरू झाले. १९६४ मध्ये शिक्षण संस्था स्थापन झाली. टनामागे ठरावीक कपात करून तिचा पैसा शाळा, रस्ते, पाणी यांकडे वळवायचा, ही सहकारी साखर कारखान्यांची रीत या काळात रुजली. उसाच्या बिलातून काही कमी होत असताना सभासद ते मान्य करतो, याचा अर्थ त्याने गावासाठी स्वतःवर कर बसवून घेतलेला असतो. मोठ्या कंपन्यांवर नफ्यातला हिस्सा समाजकार्याला देण्याचे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्याने आले. इथला शेतकरी ते पन्नास वर्षे आधीपासून करत होता.

दशकाच्या शेवटी मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था उभी राहिली. पुढे सुमारे चार दशके तिने या पट्ट्यातल्या विहिरींवर आणि घरांत वीज पोहोचवण्याचे काम केले. ग्रामीण वीज सहकाराच्या देशातल्या पहिल्या काही प्रयोगांत तिचा समावेश होतो.

सत्तरीचे दशक : दुष्काळ आणि दवाखाना

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला मुळापासून हादरवले. पाटाच्या पट्ट्यातली गावे आणि त्यांच्या शेजारची कोरडवाहू गावे यांच्यातली तफावत तेव्हा डोळ्यांत भरली. ज्या कारखान्याला हिरवे शिवार ऊस देते, त्याच कारखान्याला तोडणीचे हात कोरड्या शिवारातून मिळतात, ही जाणीव सहकारातल्या विचारी माणसांना अस्वस्थ करणारी होती.

१९७२ मध्येच वैद्यकीय न्यासाची स्थापना झाली आणि त्यातून लोणीचे ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. त्याआधी अडलेल्या बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्या माणसाला बैलगाडीत घालून दूर शहराकडे न्यावे लागे. गावात दवाखाना असणे म्हणजे काय, हे ज्याने तो प्रवास केला आहे त्यालाच कळते. वाचलेल्या जिवाचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात येत नाही. गाडगीळांच्या भाषेत हा अप्रत्यक्ष लाभ. ज्याच्या घरातले माणूस परत आले, त्याला मात्र तो सर्वात प्रत्यक्ष वाटतो.

या दशकाने संस्थापकांना आपल्यातून नेले. गाडगीळ १९७१ मध्ये गेले. दशक सरता सरता, १९८० मध्ये, विठ्ठलरावांनीही निरोप घेतला.

ऐंशी आणि नव्वदची दशके : शिक्षणाचे पीक, पाण्याचा प्रश्न

कार्याची धुरा पुढे विठ्ठलरावांचे चिरंजीव बाळासाहेब विखे पाटील आणि त्यांच्या पिढीतल्या सहकाऱ्यांनी वाहिली. तंत्रनिकेतन, अभियांत्रिकी आणि १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी एकेक संस्था उभी राहत गेली. १९९२ मध्ये बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले. ज्या आजोबांनी भागाचे पैसे गाठीला बांधून आणले, त्यांच्या नातवंडांच्या हाती पदव्या आल्या. या दीर्घ प्रवासात विचारांचे वेगळेपण आले, निवडणुका झाल्या, मतांतरे झाली. लोकशाहीने चालणाऱ्या घरात ते व्हायचेच. संस्था त्यातून टिकून राहिली आणि वाढली, हे महत्त्वाचे.

याच काळात पाटाच्या पाण्याची दुसरी बाजू पुढे आली. निचरा न होता वर्षानुवर्षे पाणी दिल्याने ठिकठिकाणी जमिनी पाणथळ आणि चोपण झाल्या. ऊस थोड्या क्षेत्रावर असूनही सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा घेतो, ही टीका अभ्यासकांनी केली. ती रास्त होती. माती परीक्षण, चर खोदून निचरा, हिरवळीची खते, पाचट न जाळता ते शेतात कुजवणे, ठिबक सिंचन ही कामे शेतकी विभागांच्या, कृषी विज्ञान केंद्रांच्या आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शनाने राज्यभरच्या ऊसपट्ट्यात पुढे सरकू लागली.

१९९५ मध्ये मँचेस्टरला आंतरराष्ट्रीय सहकारी महासंघाने सहकाराची तत्त्वे नव्याने मांडली आणि समाजाविषयीची आस्था हे सातवे तत्त्व जोडले. समाजाचा टिकाऊ विकास ही सहकारी संस्थेची जबाबदारी आहे, असे त्यात नमूद आहे. प्रवराकाठी ते वाचणाऱ्याला त्यात आपल्याच जुन्या रीतीची ओळख पटली असेल.

२००० ते २०१५ : वाया काहीच जाऊ नये

१९९८ मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला आणि स्पर्धा वाढली. एकट्या साखरेच्या भावावर तग धरता येणार नाही, हे सगळ्या कारखान्यांना उमजले. एक टन ऊस गाळला की साधारण १०० ते ११० किलो साखर निघते. त्याशिवाय जवळपास ३०० किलो बगॅस, सुमारे ४० किलो मळी आणि ३० ते ४० किलो प्रेसमड हाती येतो. बगॅसवर बॉयलर चालतो आणि सहवीजनिर्मितीतून उरलेली वीज ग्रिडला जाते. मळीपासून आसवनीत अल्कोहोल आणि इथेनॉल होते. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली आणि शेतातला ऊस इंधनापर्यंत पोहोचला. आसवनीच्या स्पेंटवॉशपासून बायोगॅस मिळतो आणि प्रेसमडचे कंपोस्ट पुन्हा शेतात जाते. जे शेतातून आले त्यातले शक्य तेवढे शेताला परत द्यायचे, हे चक्र शेतकऱ्याला नवे नाही. उकिरड्याचे खत करणाऱ्या आपल्या आज्याला ते पाठच होते.

बाळासाहेबांना २०१० मध्ये पद्मभूषण मिळाले, २०१६ च्या अखेरीस ते गेले. कारखान्याने पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील यांचे नाव धारण केले आहे आणि २०२० पासून शिक्षण संस्था बाळासाहेबांचे नाव मिरवते.

२०१५ ते आज : कोणते रकाने भरायचे?

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी टिकाऊ विकासाची १७ उद्दिष्टे ठरवली. २०२५ हे वर्ष त्यांनी आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून घोषित केले आणि त्याचा प्रारंभ नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत भरलेल्या सहकार परिषदेत झाला. या मोठ्या शब्दांचा आपल्या वार्षिक सभेशी संबंध काय, असे सभासद विचारेल, आणि त्याने विचारलेच पाहिजे. पंचाहत्तर वर्षांच्या या कथेत त्याचे उत्तर आहे. वार्षिक अहवालात गाळप, उतारा आणि नफा-तोटा पत्रकाशेजारी आणखी काही रकाने असावेत, असे या इतिहासाचा अभ्यास करताना मनापासून वाटत राहिले.

पहिला रकाना पाण्याचा. एका हेक्टरला वर्षभरात २,००० मिलिमीटर पाणी दिले तर ते २०,००० घनमीटर होते. उत्पादन १०० टन आले, तर टनामागे २०० घनमीटर पाणी लागले. ठिबकने पाणी एक तृतीयांश वाचले आणि उत्पादन १२० टनांवर गेले, तर तोच आकडा १११ वर येतो. साखरेचा उतारा आपण दर दिवशी मोजतो. पाण्याचा उतारा दर हंगामाला मोजता येईल.

दुसरा रकाना जमिनीचा. किती एकर चोपण जमीन निचऱ्याने पुन्हा पिकाखाली आली, किती शेतांची माती तपासली, तिच्यातला सेंद्रिय कर्ब वाढला की घटला, हे त्यात नोंदवावे.

तिसरा रकाना लहान सभासदाचा. अर्ध्या एकरावरच्या उसाला तोड वेळेवर मिळाली का? त्याचे बिल मोठ्या बागाईतदाराइतक्याच दिवसांत जमा झाले का? सहकारात मत सर्वांना एकच असते. सेवाही सारखी मिळते की नाही, हे तारखा लावून पाहता येते.

चौथा रकाना बायकांचा. सभासदांत त्या किती, संचालक मंडळात किती, सभेत बोलणाऱ्या किती? दागिना मोडून देणाऱ्या आजीचे नाव तेव्हा नोंदवहीत आले नाही. तिच्या नातसुनेचे तरी यावे.

पाचवा रकाना ऊसतोड कामगाराचा. बीड, पाथर्डी, आष्टीकडून मुकादमाची उचल घेऊन जोडपे येते, त्याला आपण कोयता म्हणतो. त्या शब्दात दोन माणसे आहेत आणि बहुधा पाठीवर एक लेकरूही. त्यांच्यासाठी राज्यात महामंडळ झाले, साखरशाळांचे प्रयोग झाले. तळावर पिण्याचे पाणी, शौचालय, रात्रीचा दिवा, बाईला बाळंतपणाची सोय आणि मुलांची शाळा यांपैकी कशाची किती पूर्तता झाली, हे हंगामागणिक लिहिले जावे. ज्यांच्या हातांनी पहिली मोळी बांधली त्यांचे मोल भागधारकाइतकेच आहे.

सहावा रकाना धूर, राख आणि सांडपाण्याचा. ज्या नदीचे नाव आपण अभिमानाने लावतो, तिच्या पाण्याचा अहवाल संस्थेच्या अहवालाबरोबर छापला जावा.

हे रकाने भरणे अवघड नाही. काटा, प्रयोगशाळा, शेतकी विभाग, महाविद्यालयांतली शिकलेली मुले हे सारे हाताशी आहे. एखादा आकडा कमी भरला तर संकोच करण्याचे कारण नाही. ३.१ टक्क्यांच्या आकड्याने देशाला लाज आणली, पण सहकाराची वाटही दाखवली.

पंचाहत्तर वर्षांपूर्वी पारावर बसलेल्या शेतकऱ्याने भाग घेण्याआधी विचारले असेल, यातून आम्हाला काय मिळणार? तेव्हा त्याच्यासमोर ठेवायला कोणताही अहवाल नव्हता, माणसांचा शब्द होता. त्या शब्दावर त्याने पैसे दिले. त्याचा पणतू आज सभेत तोच प्रश्न विचारेल, तेव्हा त्याच्या हाती पूर्ण भरलेले रकाने द्यावेत. संस्थापकांना, कामगारांना, सभासदांना आणि तोडणीच्या हातांना याहून मोठे वंदन करता येणार नाही.